सल्ला हवा: अंधाऱ्या हिवाळ्यात मन ताजं कसं ठेवता? (मुक्काम ताम्पेरे, फिनलंड)

गवती_चहा | २२ नोव्हेंबर

लोकहो, मदत हवी आहे. विषय हिवाळ्याचा आहे, हसू नका.

मी नाशिकची. आमच्याकडे हिवाळा हा वर्षभर वाट बघायचा ऋतू. हुरडा, शेकोटी, सकाळचं धुकं, मटार स्वस्त होणं, लग्नांची जेवणं. त्यामुळे ‘हिवाळ्यात उदास वाटतं’ हे वाक्य मराठीतून तोंडातून निघतच नाही. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “अगं थंडीत भूक लागते, झोप लागते, आणखी काय पाहिजे?” भूकही लागते आणि झोपही लागते, तीच तर तक्रार आहे.

ताम्पेरेतला हा माझा दुसरा हिवाळा. पहिला नवलाईत गेला, बर्फाचे फोटो काढण्यात. यंदा अजून धड बर्फही नाही, नुसता चिखल आणि राखाडी आभाळ. पावणेनऊच्या सुमारास उजाडतं, साडेतीनला मावळतं. सूर्य स्वतः गेले अकरा दिवस दिसलेला नाही, मी मोजलेत. त्यात मी पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करते. पुण्यात दहा वाजले की इथे साडेसहा. म्हणजे अंधारात लॅपटॉप उघडायचा, आणि मिटेपर्यंत पुन्हा अंधार.

दहा तास झोपूनही जड वाटतं. सतत गोड खावंसं वाटतं. मैत्रिणींचे फोन घेत नाही. नवरा मात्र ठणठणीत आहे, त्याचा आणखी राग येतो.

विचारायचं हे, की तो प्रखर प्रकाशाचा दिवा खरंच उपयोगी आहे का? ड जीवनसत्त्वाने फरक पडतो का? आणि तुम्ही काय करता? ‘सकारात्मक विचार कर’ सोडून काहीही सांगा.

---

बोरकूट | २२ नोव्हेंबर

हेलसिंकीत नववा हिवाळा चालू आहे, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो.

पहिली गोष्ट, नोव्हेंबर हा सगळ्यात वाईट महिना. डिसेंबर नाही. फिनिश लोक याला ‘मर्रासकू’ म्हणतात. कू म्हणजे महिना आणि मर्रास म्हणजे मरणाला टेकलेला. मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकदा बर्फ पडून टिकला की रस्त्यावरचा एक दिवासुद्धा चौपट वाटतो, कारण जमीनच पांढरी होते. तेवढी कळ काढा.

दिव्याबद्दल: हो, उपयोग होतो, पण बहुतेक जण चुकीचा वापरतात. दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) घ्यायचा. तो आकडा किती अंतरावरचा आहे ते खोक्यावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. बऱ्याच दिव्यांना अर्ध्या मीटरच्या आतच बसावं लागतं. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलात तर ते नुसतं महागडं झुंबर. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, चेहऱ्यासमोर जरा बाजूला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. चहा प्या, पेपर वाचा. संध्याकाळी लावलात तर रात्री टक्क जागे राहाल. एक आठवडा रोज करून मग ठरवा. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हा त्रास नवा नाही आणि तुमच्या मनाचे खेळही नाहीत. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचं नीट वर्णन केलं. जास्त झोप आणि गोडाची ओढ ही त्याची अगदी ओळखीची लक्षणं. आईला सांगा, पुस्तकात आहे.

---

लोखंडी_तवा | २२ नोव्हेंबर

मी तो दिवा घेतला होता. आता त्यावर मोजे वाळतात.

ताम्पेरेत राहून साउनाला (म्हणजे गरम वाफेच्या खोलीत) जात नसाल, तर गंगेत घोडं न्हालंच नाही. २०१८ पासून हे शहर स्वतःला जगाची साउना राजधानी म्हणवतं, आणि त्यात फारशी बढाई नाही. इथल्या पिस्पाला भागातलं रायापोर्ती साउना १९०६ पासून चालू आहे. फिनलंडमधलं चालू असलेलं सगळ्यात जुनं सार्वजनिक साउना तेच. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. बाहेर अंगणात टॉवेल गुंडाळून सगळे वाफाळत बसलेले असतात. एरवी बसस्टॉपवर दोन मीटर लांब उभे राहणारे लोक तिथे आपणहून बोलतात. माझं निम्मं फिनिश त्या अंगणात झालं.

ते जमलं की राउहानिएमी. नासियार्वी तळ्याच्या काठावर साउना आणि गोठलेल्या पाण्यात पोहायला केलेली मोकळी जागा. याला आवान्तो म्हणतात. पाण्यात जेमतेम अर्धा मिनिट, पण बाहेर आल्यावर अंगात जी ऊब येते ती दुपारभर पुरते. रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर या भानगडीत पडू नका. एकटं जायचं नाही, उडी मारायची नाही, शिडीने उतरायचं, डोकं कोरडं ठेवायचं.

---

गवती_चहा | २२ नोव्हेंबर

@लोखंडी_तवा, मी डिसेंबरात नाशिकला गीझर दोनदा लावणारी बाई आहे. आणि कपड्यांचं काय?

---

लोखंडी_तवा | २२ नोव्हेंबर

राउहानिएमीला स्त्री-पुरुष एकत्र, त्यामुळे पोहण्याचे कपडे. रायापोर्तीत आत काही नाही. पहिली पाच मिनिटं लाजेत जातात. नंतर कळतं की कुणाला तुमच्यात काडीचा रस नाही. हे कळणंसुद्धा फार सुखाचं असतं.

---

शेवटचा_डबा | २३ नोव्हेंबर

फार्मसीत काम करते, डॉक्टर नाही. ड जीवनसत्त्वाबद्दल थोडं.

साधारण ऑक्टोबर ते मार्च इथला सूर्य इतका खाली असतो की उन्हात बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व जवळपास तयार होत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त ऊन लागतं. इथल्या दुधात ते मिसळलेलं असतं, पण तुम्ही दूध किती पिता यावर अवलंबून. रक्त तपासून गोळी सुरू करा, हाडांसाठी ती हवीच. पण गोळी घेतली आणि मन प्रसन्न झालं, अशी अपेक्षा ठेवू नका. मनाच्या बाबतीत तिचा पुरावा कच्चा आहे.

दुसरं, थोडं गंभीर. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, काम होत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर धाग्यावर थांबू नका, आरोग्यकेंद्रात फोन करा. ‘डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे का’ हा प्रश्न डॉक्टरलाच विचारायचा असतो. इथे नोव्हेंबरात हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नसणार.

---

पायमोजे | २३ नोव्हेंबर

नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून नमस्कार. तुमच्याकडे सूर्य निदान उगवतो तरी. आमच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी जो जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही.

तरी सांगते, हा काळ नुसता काळा नसतो. दुपारी दोनेक तास सगळं निळं होतं, बर्फ, डोंगर, माणसांचे चेहरेसुद्धा. मी त्या निळ्यासाठी थांबायला शिकले. आणि सूर्य परत येतो तेव्हा सगळं गाव ‘सोलबोले’ खातं, म्हणजे सूर्याचे गोड बन. शाळेतली पोरं सूर्य बघायला बाहेर येतात. पहिल्या वर्षी मी तो बन खाताना रडले होते. संक्रांतीच्याच आसपास येतं ते, आणि मी तिळगूळ खिशात घेऊन गेले होते.

---

कुंपणावरचा | २३ नोव्हेंबर

टोरंटो. दिवा, गोळ्या, जिम, सगळं झालं. खरा उपाय एकच, तिकीट. फक्त डिसेंबरात काढू नका, महाग असतं आणि सगळे घरी लग्नांत गुंतलेले असतात. नोव्हेंबरात नाहीतर फेब्रुवारीत जा. बाकी सगळं मनाचं समाधान.

---

बोरकूट | २३ नोव्हेंबर

@कुंपणावरचा, तिकीट काढून दोन आठवडे गेलात तरी उरलेले वीस आठवडे कुठे जाणार?

---

रिकामा_घडा | २३ नोव्हेंबर

ताई, तुमचा घोटाळा हिवाळ्यापेक्षा घड्याळाचा वाटतोय. तुम्ही राहता ताम्पेरेत आणि दिवस जगता पुण्याचा. पुण्यात जेवणाची सुट्टी दीडला, म्हणजे तुमच्याकडे दहा. तेव्हा उजेड अजून मंदच असतो. पण पुण्यात चारचा चहा होतो तेव्हा तुमच्याकडे साडेबारा! दिवसातला सगळ्यात चांगला उजेड. ती पाऊण तासाची सुट्टी मागून घ्या आणि बाहेर पडा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही इतकंच. मीही स्वीडनमधल्या लुलेओहून पुण्याची शिफ्ट करतो. या एका गोष्टीने माझा हिवाळा सुधारला. मीटिंग चालू असली तरी कानात लावून चालायला लागायचं, कॅमेरा बंद.

---

माई_संगमनेर | २४ नोव्हेंबर

मी परदेशात कधी राहिले नाही, त्यामुळे दिव्याबिव्याचं कळत नाही. पण वाचताना एक मनात आलं. पोरी, तुझ्याकडे सूर्य पावणेदहाला उगवणार ना डिसेंबरात? मग धुंधुरमास कर की!

आमच्या सासूबाई सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून नैवेद्य दाखवायच्या. त्यासाठी आम्ही चारला उठायचो, चुलीपाशी बसून डुलक्या काढायचो. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, लेकुरवाळी भाजी, गूळ. तुला तर आठला उठूनही पुण्य मिळेल. आमचा जन्म गेला गार पाण्याने हात धुण्यात.

एकटीने करू नकोस. धुंधुरमासाचं जेवण चार माणसं बोलावूनच गोड लागतं. आणि दिवाळीचा आकाशकंदील काढला असशील तर परत लाव.

---

बोरकूट | २४ नोव्हेंबर

माईंना साष्टांग. आणि कंदिलाचं अगदी बरोबर. इथेही या दिवसांत घरोघरी खिडकीत कागदी तारे लागतात, ६ डिसेंबरला स्वातंत्र्यदिनी संध्याकाळी दोन मेणबत्त्या. तुमचा कंदील त्यात बेमालूम मिसळून जाईल.

---

गवती_चहा | २४ नोव्हेंबर

माई, वाचून एकदम घशाशी आलं. करते. बाजरीचं पीठ ताम्पेरेत कुठे मिळेल कुणी सांगेल का?

---

लोखंडी_तवा | २४ नोव्हेंबर

आशियाई वाण्याकडे विचारा. पाकीट उघडून वास घ्या, जुनं असलं तर कडू निघतं. तवा माझ्याकडे आहे.

---

गवती_चहा | १५ जानेवारी

उशिरा येतेय, पण हिशोब द्यायचा होता.

दिवा घेतला. सकाळी बरं वाटतं, इतकंच. जादू नाही. रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व लाजिरवाणं निघालं, गोळ्या चालू आहेत. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंशी अर्धा तास बोलले. त्यांनी काही विशेष केलं नाही, फक्त प्रश्न विचारले आणि फेब्रुवारीत परत बोलावलंय. तरी परतताना पावलं हलकी होती.

आवान्तो एकदा केलं. मी ओरडले ते मराठीत, आणि शिडीवरच्या आजीबाईंनी ते ओळखल्यासारखी मान डोलावली. पुन्हा जाणार नाही असं म्हणून दोनदा परत गेलेय.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पुण्याच्या चारच्या चहाचा. रोज साडेबाराला बाहेर. आठवड्यातून एकदा प्युनिक्की टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत, तिथले गरम डोनट खायला. (गोड कमी करायचं होतं, माहितीये.) तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, “तू चारला कुठे गायब होतेस?” आता तीही तिकडे चारला बाणेरात चालते. आम्ही फोनवर एकमेकींना आपापलं आभाळ सांगतो. तिचं रोज तेच, निळं. कंटाळते बिचारी.

आणि माई, धुंधुरमास झाला. गेल्या रविवारी, सूर्योदयाच्या आत, म्हणजे आरामात नऊला. सात माणसं होती. लोखंडी तव्याचे मालक तवा घेऊन आले, म्हणून त्यांना जेवायला घालावंच लागलं. भाकऱ्या थापताना दोन तुटल्या. शेजारच्या फिनिश आजी भाकरी-लोणी खाऊन म्हणाल्या, “ही तर आमच्या राय धान्याच्या पावाची बहीण.” आम्ही सगळे खिडकीपाशी ताटं घेऊन बसलो. साडेनऊनंतर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक पट्टी तांबूस झाली, मग पिवळी. कुणी काही बोललं नाही. नवऱ्याने मात्र विचारलं, भरीत उरलंय का.

काल संक्रांत होती. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसापेक्षा आता दिवस पाऊण तासाहून जास्त मोठा झालाय. तिळातिळाने वाढतो म्हणतात ते लहानपणी नुसतं पाठ होतं, इथे घड्याळ लावून बघता येतं.

माई, एकच राहिलं. लेकुरवाळ्या भाजीत मी बोरं आणि ऊस कुठून आणू? इथे नाही मिळत.

---

माई_संगमनेर | १५ जानेवारी

गाजर, वाटाणे, वांगं, शेंगदाणे, वालाचे दाणे मिळाले तर. ऊस नसला तर वरून गुळाचा खडा टाक. बोरं राहू देत. त्या शेजारच्या आजींना वाण दिलंस का?

---

गवती_चहा | १५ जानेवारी

दिलं. सुगड नव्हतं, चहाच्या कपात दिलं. त्यांनी कप परत करताना त्यात क्रॅनबेरी भरून पाठवल्या. बोरांच्या जागी त्याच घालू का?

---

माई_संगमनेर | १५ जानेवारी

आंबट असतील तर घाल.