व्हायकिंगांची शिंगं काढली, आता कुऱ्हाडही काढून घेणार का?

वाळूतला_नांगर
पोराच्या वाढदिवसाला शिंगंवालं प्लास्टिकचं शिरस्त्राण आणलं, त्यावरून सुचलेला धागा. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी; त्यांची शिंगं खोटी, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरची 'रिंग' ही ऑपेरामालिका पहिल्यांदा सलग झाली, तेव्हा वेशभूषाकार कार्ल एमिल डॉप्लरने पात्रांच्या डोक्यावर ती चढवली, ती अजून उतरली नाहीत. नॉर्वेत ग्येर्मुंडबूला १९४३ मध्ये सापडलेलं खरं शिरस्त्राण म्हणजे लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. बस.

माझी तक्रार वेगळी आहे. हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतं, "ते मुळात शेतकरी आणि व्यापारी होते हो." ८ जून ७९३ ला व्हायकिंगांच्या हल्ल्यात इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठात जे कापले गेले, त्यांना सांगा हे. शिंगं धुतलीत ठीक, रक्त कशाला धुताय?

तिरपागडा
त्या मठाची हकीगत लिहिली कुणी? पाद्र्यांनीच. लुटले गेले ते, आणि लिहिता येणारेही तेच! व्हायकिंगांची रुन्स ही लिपी दगडावर चार ओळींपुरती. आइसलँडच्या सागा, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या कथा, कागदावर, म्हणजे कातड्यावर, आल्या त्या १३व्या शतकाच्या आसपास. एकाच बाजूची साक्ष धरून निकाल देता?

बंगालमध्ये अंगाईत 'बर्गी' येतात. ते कोण? नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. आपल्या पुस्तकांत तेच लोक कसे येतात, बघा एकदा.

वाळूतला_नांगर
बर्गी माझ्याच बाजूने साक्ष देतात की. अंगाईत आलं म्हणून खोटं ठरत नाही, गावं जळालीच होती.

साळुंकी
दोघंही लूट आणि व्यापार वेगळे धरून भांडताय. डब्लिनचा गुलामांचा बाजार त्यांनीच भरवला. पूर्वेला नद्यांवरून फर आणि माणसं जायची, चांदी परत यायची. स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्सच्या शेतात १९९९ मध्ये ६७ किलो चांदी निघाली, त्यात १४,०००च्या वर नाणी, बहुतेक अरबी दिरहम. त्यातले किती फरचे आणि किती माणसांचे, हे नाण्यावर कोरलेलं नसतं. पकडून आणलेला माणूस विकला की लुटारूच व्यापारी.

तिरपागडा
बरं, हे मान्य. पण ती पिंजारलेली दाढी, अंगाला घाण? वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावावर असलेल्या इंग्रज इतिवृत्तात उलटीच कुरकुर आहे: हे डेन लोक (म्हणजे व्हायकिंगच) रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात आणि आमच्या बायकांना नादी लावतात. आइसलँडच्या भाषेत शनिवारला आजही 'धुण्याचा वार' म्हणतात. थडग्यांत फण्या तर ढिगाने सापडल्यात.

(शनिवारीच अंघोळ म्हणजे आमच्या हॉस्टेलपेक्षा बरी परिस्थिती.)

साळुंकी
फण्या खऱ्या, पण दुसरा साक्षीदारही ऐका. बगदादहून गेलेला इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी रुस लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या व्हायकिंगांना, भेटला. त्याच्या लेखी त्यांच्याइतकं घाणेरडं कुणी नाही. रोज सकाळी पाण्याचं घंगाळ यायचं. मालक त्यात तोंड धुवायचा, केस विंचरायचा, नाक शिंकरायचा, थुंकायचा. मग तेच पाणी पुढच्याकडे, तिथून त्याच्या पुढच्याकडे.

म्हणजे केस दोन्ही साक्षीदारांनी विंचरलेलेच पाहिले. आणि ते घंगाळ एकाकडून दुसऱ्याकडे नेणारी मुलगी गुलाम होती.