जीएक्स २०० इंजिनाचं गो-कार्ट: तापलं की मरतं, गार झालं की चालू. जेट (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मोठा टाकू का?

होटगीरोड_कार्ट
होंडा जीएक्स २००, सेंट्रिफ्यूगल क्लच, टाकी स्टिअरिंगखाली, म्हणून पल्सवर (इंजिनातल्या दाबाच्या ठोक्यांवर) चालणारा पेट्रोल पंप. गार असताना पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू. दहा-बारा मिनिटं दाबून पळवलं की ताकद उतरते. पिटमध्ये बंद केलं की परत चालूच होत नाही, स्टार्टरची दोरीपण हलकी लागते. अर्धा तास सावलीत ठेवलं की पुन्हा ठणठणीत. प्लग नवा आहे, कार्ब दोनदा साफ केलाय. मेकॅनिक कॉइल (स्पार्क देणारी) बदला म्हणतोय. दुपारी ४२ च्या वर पारा, शेड एमआयडीसीत, शेजारी यंत्रमाग. इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतंय का? जेट मोठा टाकू का?

टॅपेट_०२०
जेटला आणि कॉइलला सध्या हात लावू नका. स्पार्क गेला किंवा पेट्रोल तुटलं तरी दोरी नेहमीइतकीच जड लागते. ती हलकी लागतेय म्हणजे कॉम्प्रेशन कुठूनतरी पळतंय, आणि या इंजिनात बहुतेक वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून. सीट (व्हॉल्व्ह बसतो ती कडी) झिजली की व्हॉल्व्ह रॉकरकडे (त्याला दाबणाऱ्या दांड्याकडे) सरकतो आणि टॅपेटची, म्हणजे या दोघांमधली, फट कमी होते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही. गार झाला की आखडतो, म्हणून तुमचं अर्ध्या तासाचं कोडं.

इंजिन रात्रभर गार होऊ द्या. प्लग काढा, टॅपेट कव्हरचे चार बोल्ट काढा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन नेमका वर आणा, तिथे दोन्ही रॉकर मोकळे हलायला हवेत. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा. पिस्टन वर यायच्या आधी मोजू नका, डिकॉम्प्रेसर (दोरी ओढणं सोपं करणारी यंत्रणा) एक्झॉस्ट किंचित उचलून धरतो आणि फट नसल्याचा भास होतो. इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२०, दोन्हीकडे ०.०२ ची मुभा. लॉकनट आवळताना सेटिंग सरकतं, त्यामुळे आवळून झाल्यावर फट मोजायची पत्ती परत घालून बघा.

डिकॉम्प्रेसरमुळेच कॉम्प्रेशन गेजचं रीडिंग कमी येतं, त्यावर विसंबू नका. पिस्टन वर धरून प्लगच्या भोकातून हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुसलं तर एक्झॉस्ट, कार्बमधून आलं तर इनटेक, ब्रीदरमधून (क्रँककेसच्या हवेच्या नळीतून) आलं तर पिस्टनच्या रिंगा.

सोलापूर_पिट
यंत्रमाग शेजारी आहेत हे तुम्ही सहज लिहिलंत, पण मला तर मूळ तिथेच दिसतंय. फ्लायव्हीलचा पंखा दोरीच्या स्टार्टरच्या जाळीतून हवा ओढतो, तिच्याबरोबर सुताचे तंतू आत जातात. जरा तेलकट झालं की फिन्सच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांच्या) मधे नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून इंजिन चकाचक दिसतं, आत हेड भाजत असतं. पंख्याचं कव्हर पूर्ण काढा, रॉकेल आणि ब्रशने फिन्स मोकळ्या करा, मग आतून बाहेर हवा मारा. साफ झालं की कव्हर परत बसवाच. "हवा जास्त लागेल" म्हणून ते काढून पळवणारे आहेत. कव्हर नसलं की पंख्याची हवा हेडपर्यंत जातच नाही.

जेटचं म्हणाल तर २५ अंशांच्या तुलनेत ४२ ला हवा साधारण ५ टक्के विरळ. तोच जेट उन्हाळ्यात रिच (पेट्रोल जास्त) होतो, लीन नाही. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल थोडं लीनकडे नेतं हे खरं, पण त्यासाठी आधी प्लगच्या टोकाचा रंग बघा: पांढरा असेल तरच जेटचा विचार. काळा असेल तर एअर फिल्टर बघा, त्यातही सूत असणार.

पल्सलाइन
वरचं पटतं, पण ताकद आधीच उतरते म्हणून पंपही तपासा. तापलेल्या अवस्थेत टाकीचं झाकण सैल करून एक लॅप मारा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पल्सची नळी आखूड आणि कडक हवी, पंप ती इंजिनाला जिथे जोडलीय त्यापेक्षा वर हवा. नाहीतर नळीत तेल साचतं आणि पंप मंदावतो. कॉइल बदलण्याआधी गरम असतानाच टेस्टरवर स्पार्क बघा. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.४ मिमी.

होटगीरोड_कार्ट
उघडलं. एक्झॉस्टमध्ये ०.०५ ची पत्तीपण शिरत नाही, इनटेक ०.१३. फिन्समध्ये बोटभर थर. आता नुसतं सेट करून पळवू की हेड उघडू?

टॅपेट_०२०
आधी सेट करा, दिवसभर पळवा, दुसऱ्या दिवशी गार असताना परत मोजा. ०.२० वर टिकलं तर हेडला हात लावू नका. ०.१५ च्या खाली आलं तर उघडाच. व्हॉल्व्हच्या तोंडावर खड्डे असतील तर नुसती घासाई टिकत नाही: व्हॉल्व्ह नवा, सीट कटरने कापून ०.८ मिमी रुंदी. हेड गॅस्केट नवं, चारही बोल्ट तिरप्या क्रमाने (समोरासमोरचे कोपरे), टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरपर्यंत. आत्ताचं तेल भाजलेलं असणार, ते काढून टाका. ०.६ लिटर लागतं, कार्ट सपाट जमिनीवर ठेवून पातळी बघा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट फाटलं असेल तर जुनंच लावू नका, तिथून झिरपलेलं तेल फिन्सवर जातं आणि सूत परत चिकटतं.