संदेशवहन, निरोप की खूण?

प्रश्न : तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चार पानी पुस्तिका लिहिते आहे. 'इम्यून सेल सिग्नलिंग'ला 'प्रतिकारपेशींचे संदेशवहन' असं केलं. 'चेकपॉइंट इनहिबिटर'पाशी अडले. 'तपासनाका अवरोधक' चालेल?

– नको. नाका म्हटला की तिथे गाठ अडते असं वाटतं. अडते ती आपलीच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतली लढणारी पेशी! तिच्या अंगावर पीडी-१ हे प्रथिन असतं. गाठीच्या पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रथिन त्याला चिकटलं की टी पेशी थंडावते. पीडी-१ जपानी शास्त्रज्ञ होंजोंच्या प्रयोगशाळेत १९९२मध्ये सापडलं, २०१८चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलिसनना मिळालं. हा सरळसरळ लगाम आहे. 'लगाम सोडवणारं औषध' म्हणा. 'अवरोधक' वाचून घरचे विचारतील, आता काय बंद करणार?

– लगाम पटला. पण मग 'संदेशवहन' राहू दे ना?

– तेही मला सरसकट वाटतं. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडते, ते आजूबाजूला पसरतं, हा निरोप. पीडी-१चं काम मात्र पेशीला पेशी भिडल्याशिवाय होत नाही, ती खूण. मराठीत दोन्ही शब्द आयते असताना एकच जड शब्द कशाला? आणि गंमत अशी की हा निरोप गाठीच्या पेशींनाही पोचतो. तो मिळाला की त्या आणखी पीडी-एल१ अंगावर चढवतात. हल्ल्याची वर्दी लागली की लगाम आवळायचा!

– 'प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध' मात्र कुठेही लिहू नका. आमच्याकडे काकांसाठी तेवढं ऐकून लोक आवळ्याचा रस घेऊन आले होते. लगाम सुटलेल्या टी पेशी थायरॉइड, आतडं, फुफ्फुस यांवरही धावून जातात. जुलाब लागले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, हे ठळक छापा.

– 'निम्नमात्रा' असेल तर तेही काढा, 'कमी डोस' लिहा. टाटा मेमोरिअलच्या चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातले १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, सोबत निवोलुमॅब हे लगाम सोडवणारं औषध दिलेल्यांत ४३.४. निवोलुमॅबचा डोस दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. एरवी दोन आठवड्यांनी २४० देतात. खर्चापायी डोसचा प्रश्न येणारच, आणि तो विचारणारा 'कमी डोस' असंच म्हणेल.

– 'लगाम' आणि 'खूण' घेते. 'निरोप' आमच्याकडे माणूस गेल्यावरही येतो, कर्करोगाच्या पुस्तिकेत तो नको. तिथे 'सांगावा' लिहिते.