पहिल्यांदा इराणी जेवताना: तुमचे अनुभव लिहा

भाची पुढच्या महिन्यात टोरांटोला शिकायला चालली आहे. खोली ठरली, सोबतीण तेहरानची. परवा तिचा फोन, "मावशी, तू दुबईत होतीस ना? हे लोक घरी काय खातात गं? बनमस्का?"

बनमस्का नाही गं बाई! आपल्या इराण्याकडचा दुधाळ चहासुद्धा इराणी घरात मिळायचा नाही. तिथला चहा कोरा, काचेच्या छोट्या पेल्यात, आणि साखरेचा खडा दातात धरून वरून घोट घ्यायचा.

मी सहा वर्षं दुबईत काढली. पहिल्यांदा इराणी हॉटेलात गेले तेव्हा यादी वाचून खूश झाले. पोलो म्हणजे पुलाव, शिवाय कबाब, नान, सब्जी, पनीर. म्हटलं, हे तर सगळं घरचंच! सब्जी मागवली. आली ती ताटलीभर कच्ची पानं: पुदिना, रेहान, कांद्याची पात, सोबत मुळ्याचे लालबुंद गड्डे. शिजवलेली भाजी मागून येईल म्हणून मी वाट बघत बसले. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी हाताने खूण करून दाखवलं, की बाई, घासाबरोबर एकेक पान तोंडात टाक. फारसीत सब्जी म्हणजे हिरवा पाला. पनीरही आपलं नव्हे, खारट आणि भुसभुशीत, नाश्त्याला नान आणि अक्रोडाबरोबर खायचं.

त्या दिवशी जे कळलं तेच भाचीला सांगितलं: नावावर जाऊ नकोस आणि तिखट शोधू नकोस. त्यांची चव आंबटावर उभी असते. वाळवलेलं लिंबू, डाळिंबाचा आटवलेला रस, झेरेश्क नावाची लाल आंबट बोरं, नाहीतर सुमाकची पूड.

पहिल्या दिवशी डोळे मिटून चेलो कबाब मागवावा. चेलो म्हणजे वाफेवर फुललेला मोकळा पांढरा भात, वर थोडा केशराने रंगवलेला. कबाबांत कुबीदे घ्यावा. तो खिम्यात किसलेला कांदा मळून रुंद चपट्या सळईवर भाजलेला असतो. शेजारी अख्खा भाजलेला टोमॅटो आणि लोण्याचा तुकडा. मी टोमॅटो बाजूला सारला होता, सजावट समजून. तो भातात कुस्करायचा, लोणी जिरवायचं, वरून सुमाक भुरभुरायचं. एका हातात चमचा, दुसऱ्यात काटा. सुरी लागत नाही, कबाब चमच्याच्या कडेने तुटतो.

आता तुम्ही लिहा. काय आवडलं, कुठे फजिती झाली, सगळं चालेल.

कॅम्पातला

मावशी, तहदीग राहिलं की! २००६च्या सुमाराला पुण्यात इराणी मुलं पुष्कळ शिकायला होती. आमच्या फ्लॅटवर शिराझचा एक जण होता. एका रविवारी त्याने भात करायला घेतला. बासमती मिठाच्या पाण्यात भिजवलेली, मग भरपूर पाण्यात उकळून कणी राहील अशी वेळलेली. इथपर्यंत आमची आजी करायची तसंच. मग पातेल्यात तेल, त्यावर बटाट्याचे गोल काप, वर भाताचा डोंगर, डोंगरात चमच्याच्या दांड्याने भोकं. झाकणाला जाड फडकं गुंडाळून घट्ट बसवलं, गॅस बारीक केला आणि स्वारी अंघोळीला गेली.

अर्ध्या तासाने मला करपल्याचा वास आला. आपण काय करतो? गॅस बंद केला, झाकण काढलं, फडकं पेटेल म्हणून धुऊन दोरीवर वाळत घातलं. तो बाहेर आला, फडकं बघितलं, पातेलं बघितलं आणि जमिनीवरच बसला. तो वास करपल्याचा नव्हता, बटाटा तांबूस व्हायला लागल्याचा होता. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा गेलो नाही. तासाभराने त्याने पातेल्याचं बूड थंड पाण्यात टेकवलं (चर्रर्र आवाज होतो), वर ताट पालथं घातलं आणि एका झटक्यात उलटं केलं. भातावर सोनेरी टोपी! तहदीग म्हणजे शब्दशः पातेल्याचा तळ. आपल्याकडे खरवड खायला मुलं भांडतात, तिथे पाहुण्याला आधी देतात. बटाट्याऐवजी लवाश या पातळ नानचा थर देतात, किंवा नुसत्या भाताचाच.

घरी करणाऱ्यांना एकच सांगतो: झाकण उघडू नका. आणि फडकं काढू नका, ते वाफेचं पाणी पितं. नाहीतर थेंब भातात पडून गिच्च गोळा होतो.

शेपूद्वेष्टा

जन्मभर शेपू ताटाबाहेर काढला. मेल्बर्नला एका लग्नात 'बाघाली पोलो' म्हणून हिरवा भात वाढून घेतला, दोनदा घेतला, आणि मग कळलं की पावट्यासारखे दाणे सोडले तर तो हिरवा रंग सगळा शेपूचा आहे. बायकोने व्हिडिओ काढून आईला पाठवला. एवढंच लिहायला आलो होतो.

इस्फहानचा फेरा

कंपनीच्या कामाला इस्फहानला चार महिने होतो. दुसऱ्याच दिवशी पाटीवर 'बिर्यानी' वाचलं आणि आत घुसलो. समोर आलं काय, तर नानवर खिम्याची एक गोल टिक्की, वर दालचिनी आणि बदामाचे काप. मी विचारलं, भात? पोऱ्या माझ्याकडे बघतच राहिला. इस्फहानच्या बिर्यानीत तांदळाचा दाणा नसतो. मेंढीचं मांस, त्यात फुप्फुसही, छोट्या लांब दांड्याच्या तव्यावर परततात. फारसीत 'बिर्यान' म्हणजे भाजलेलं, भाताचा करार आपण नंतर केला. चव उत्तम, पण पहिल्या घासाला मन बिर्याणी शोधत असतं, म्हणून नीट कळत नाही. दुसऱ्यांदा जा.

खरी फजिती पुढे. एका घरी जेवायला बोलावलं. वाटीत पिवळंधमक, केशराचं, वर बदाम-पिस्ते. श्रीखंड! गळा दाटून आला हो माझा. मोठा चमचा भरून घेतला. गोड, दह्याचं, केशराचं... आणि दाताखाली धागे. 'खोरेश्ते मास्त' म्हणतात त्याला. दही, साखर, केशर आणि शिजवून कुटून तंतू केलेलं मेंढीच्या मानेचं मांस. वाईट लागतं असं नाही, पण श्रीखंड म्हणून गेलात तर हबकाल. बरोबरचा सहकारी शाकाहारी होता, त्याने नुसता वास घेऊन वाटी ठेवली म्हणून वाचला.

तिथलीच एक जोडी मात्र न चुकता करा, गुशफील आणि दूघ. गुशफील म्हणजे पाकातली तळलेली पातळ पारी, दूघ म्हणजे पुदिन्याचं खारट ताक. गोड आणि खारट एकाच वेळी. 'फील' म्हणजे हत्ती, आपल्या जुन्या पीलखान्यातला, आणि 'गुश' म्हणजे कान. हत्तीचा कान खातोय म्हणून घरी कळवलं तर आईला काळजी लागली.

फक्त वाचक

श्रीखंड वाचून जेवण बाजूला ठेवलं. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी करायचं काय?

टोरांटोकर

ताई, घाबरू नका, पण 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. चिकनला बरेचजण मांसात धरत नाहीत, हे मी भोगलंय. कोंबडीही नको, मासाही नको, मांसाचं पाणीही नको, असं एकेक मोजून सांगायचं.

आमच्याकडे याँग स्ट्रीटच्या उत्तर टोकाला इराणी दुकानांची रांगच आहे. तिथे अंडं चालत असेल तर मिर्झा गासेमी. गिलान या कॅस्पियन किनाऱ्याच्या प्रांतातला पदार्थ, म्हणजे चक्क वांग्याचं भरीत! वांगं आचेवर भाजलेलं, लसूण सढळ हाताने, टोमॅटो, शेवटी अंडं फोडून घातलेलं. शेंगदाणे आणि मिरची तेवढी नाही. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा भाकरी मागणार होतो. अंडंही नको असेल तर कश्क-ए-बादेमजान, म्हणजे तळून घोटलेलं वांगं आणि वर कश्क. कश्क आंबट दह्याचा-ताकाचा आटवलेला, वाळवलेला प्रकार. वास जरा उग्र असतो, सुरुवातीला कमी घाला.

आश-ए-रेश्ते पण घ्या. पालेभाज्या, छोले, राजमा, मसूर आणि गव्हाच्या शेवया घालून केलेला दाट प्रकार, वर तळलेला कांदा, लसूण आणि तेलात परतलेला वाळका पुदिना. बर्फाच्या दिवसांत एक वाटी आतून शेक देते. फक्त त्यात मांसाचं पाणी घातलंय का ते विचारा. अदस पोलो म्हणजे मसूर, मनुका, खजूर घातलेला भात, तोही चालेल.

मस्कतवाली

घोर्मे सब्जीशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. इराणी माणसाला आईच्या हातचं काय आठवतं विचारा, दहातले सात हेच म्हणतील (आकडा माझा). पार्सली, कोथिंबीर, पातीसारखं 'तरे' आणि थोडी मेथी बारीक चिरून तेलात परतायची, इतकी की हिरवा रंग काळपट होतो. मग मटण, राजमा आणि वाळकी लिंबं. तासन्तास मंद आचेवर.

मी पहिल्यांदा केली तेव्हा दोन चुका केल्या. एक, 'थोडी मेथी' वाचून आपल्या सवयीने अख्खी जुडी घातली. कडूजहर! मेथी तिथे वासापुरती असते. दुसरी, लिंबं. बाहेरून तपकिरी-काळी, वजनाला पोकळ, हातात घेतली की आत काहीतरी वाजतं. फारसीत 'लिमू अमानी', म्हणजे ओमानी लिंबू, आणि इथे आमच्या बाजारात पोत्यांनी असतात. मी ती फोडून बियांसकट घातली. बिया सगळा रस्सा कडू करतात. काट्याने दोन-चार टोचे मारून अख्खी घालायची. आणि ताटात आलं तर चावायचं नाही, चमच्याने दाबून रस काढायचा. आमच्या यजमानांनी आमसूल समजून चावलं होतं. अजून त्या विषयावर विनोद चालत नाहीत.

बोटीवरचा

वर कुणीतरी म्हटलंय तिखट शोधू नका. दक्षिण किनाऱ्याला गेलात तर शोधा! बंदर अब्बासला बोट लागली होती, एजंटाने एका खानावळीत नेलं. घलिये माही. चिंचेच्या कोळात शिजवलेला मासा, भरपूर कोथिंबीर, मेथी, लसूण आणि मिरची. मी वेंगुर्ल्याचा. नारळ नाही, तिरफळ नाही, तरी वास आल्याबरोबर आईचं तिखलं आठवलं. तेहरानच्या पोरांना तो तिखट लागतो, मी वर अजून मिरची मागितली.

कॅम्पातला

फेसेंजानबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? दिसायला चॉकलेटी चिखल, पण खा. अक्रोडाचं कूट (आपलं दाण्याचं कूट घाला अशी सूचना मी केली होती, पुन्हा दोन दिवस अबोला) आणि डाळिंबाचा आटवलेला रस, त्यात कोंबडी किंवा बदक. कूट मंद आचेवर शिजताना मधेच बर्फाचा खडा टाकतात, मग तेल वर सुटतं. तो मित्र म्हणायचा, हे 'गर्म' आहे, बरोबर दही खा. आणि मासा 'सर्द', म्हणून नंतर खजूर. उष्ण-थंडचं आजीचं शास्त्र तिथे तसंच्या तसं.

गिरगावकर

विमानाचं तिकीट परवडत नसेल तर बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बेरी पुलाव खा. हॉटेल १९२३चं. झेरेश्क पोलोची मुंबईत वाढलेली भाची समजा. तीच लाल बोरं, पण मसाला आपला. इराणचा झेरेश्क पोलो याहून फार सौम्य, केशर-कोंबडीचा.

इस्फहानचा फेरा

दीझी विसरलो. तेहरानला खाल्ली. दगडाच्या किंवा मातीच्या अरुंद भांड्यात मटण, छोले, पांढरे घेवड्याचे दाणे, बटाटा, टोमॅटो आणि वाळकं लिंबू. भांड्याबरोबर एक बत्ता येतो. मी सरळ ताटात ओतायला लागलो, तर वेटरने हात धरला. आधी पातळ रस्सा वाडग्यात गाळायचा, त्यात संगक नान (तापलेल्या खड्यांवर भाजतात, कधी एखादा खडा चिकटून येतो, दात सांभाळा) कुस्करून खायचं. अगदी आपण तर्रीत पाव कुस्करतो तसं. मग भांड्यात राहिलेला ऐवज त्या बत्त्याने कुटायचा आणि नान, कच्चा कांदा, लोणचं यांच्याबरोबर खायचा. सगळ्या टेबलांवरून ठकठक ऐकू येत असते. दुपारची बैठक असेल तर रद्द करा.

धागा काढणारी मावशी

सगळं भाचीला वाचून दाखवलं. शेपूला ती तयार आहे, दह्यातल्या मटणाला नाही. सामानात अर्धा किलो काळी लिंबं भरत होते, तर म्हणाली, "ती तिथे मिळतील. तू मला फडकं दे. जाड बघून दे, आणि दोन दे."