नॅसवर कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जातच नाही

लग्नफिल्म_यवतमाळ
पांढरकवड्याजवळचं गाव. घरात दोन ड्राइव्हचं नॅस (नेटवर्कवरून फायली साठवायचं यंत्र) आहे, मिररमध्ये, म्हणजे दोन्ही ड्राइव्हवर तीच कॉपी. एडिटिंगचा पीसी अंगणापलीकडच्या खोलीत, ६० मीटरवर. केबल खांबांवरून ओढली आहे. नेट व्यवस्थित चालतं, कॉपी मात्र ११ वरच अडकते. नॅस बदलू का?

तारजोड
नॅसला हात लावू नका भाऊ. ११ म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) लागली आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) ११० एमबीच्या आसपास मिळतात. १०० ला प्लगमधल्या १, २, ३, ६ क्रमांकाच्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालूच राहतं, म्हणून दोष लक्षात येत नाही.

पीसी नॅसजवळ आणा आणि चांगल्या, आखूड केबलने त्याच राउटरला जोडा. तिथंही ११ आले तर बहुधा राउटरचे पोर्टच १०० चे. मग ५ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या. पीसी आणि नॅस दोन्ही स्विचमध्ये, राउटरला तिथून एकच केबल. वेग वाढला तर दोष लांब केबलमध्ये. तिची एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खांबावर वाऱ्यानं हलून ते तुटतं.

मृगाचा_पाऊस
केबल अस्सल तांब्याची असली तरी दोन इमारतींमध्ये वरून नेऊच नका. रोहिणी-मृगात जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जळू शकतात, कधी नॅससकट. फायबर (काचेच्या धाग्याची केबल, तिच्यातून वीज जात नाही) टाका: सिंगल-मोड, आत लोखंडी तार नसलेली. २५ मिमीच्या एचडीपीई (जाड प्लॅस्टिकच्या) पाइपातून दीड-दोन फूट खोल न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा). एकाच धाग्यावर चालणारे घेतलेत तर एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवणारा आणि दुसरा १५५० वर पाठवणारा हवा. दोन्ही सारखे आणले तर लिंक लागणारच नाही.

लग्नफिल्म_यवतमाळ
मग थेट २.५ गिगाबिटच करू का?

तारजोड
आत्ता नको. मिररमध्ये लिहिण्याचा वेग एका ड्राइव्हइतकाच, मोठ्या फायलींना १५०-२०० एमबी, म्हणजे २.५ गिगाबिटचा पूर्ण फायदा मिळणार नाही. ते पैसे यूपीएसला लावा, नॅसला यूएसबीनं जोडता येईल असा. लाइन गेली की नॅस स्वतःहून नीट बंद होतं. इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाइन बदलताना नॅस रीस्टार्ट होऊ शकतं.

मृगाचा_पाऊस
आणि मे महिन्यात नॅस कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलाव्यानं कनेक्टर गंजतात. टिनाच्या खोलीतही नको. शिवाय मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून जातं. गिऱ्हाइकाचं लग्न तिसऱ्या, सुट्या ड्राइव्हवर ठेवाच.