चंद्रनाथावर 'सनसेट पॉइंट' हवाय म्हणे

कुशावतीकाठी
कालपासून एक पोस्ट फिरतेय. 'मडगावपासून अर्ध्या तासात गोव्यातला लपलेला व्ह्यू पॉइंट! गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. स्पीकर आणि थंड काहीतरी घेऊन सूर्यास्ताआधी पोचा. सरकारने इथे काचेचा सज्जा आणि कॅफे काढावा.'
लपलेला? पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत? खाली चांदरला भोजांची राजधानी चंद्रपूर होती, तेव्हापासून तो सगळ्यांना दिसतोय. वर चंद्रेश्वर-भूतनाथ आहे, चैत्री पुनवेला जत्रा भरते. पोस्टमध्ये देवळाचा उल्लेख एकदाच, तोही 'पार्किंग देवळापाशी' एवढाच.
पश्चिमेला सासष्टीची शेतं, माडांच्या पलीकडे समुद्र, पूर्वेला सह्याद्री. हे बघायला काच कशाला? डोंगर सुमारे ३५० मीटरचा. जत्रेचे दिवस सोडून बाहेरच्या गाड्या पायथ्याशीच अडवा. ज्याला बघायचंय तो चढेल. दम लागला की आरडाओरडाही आपोआप कमी होतो.

नावेलीची सून
तुमचे गुडघे चांगले आहेत, देव बरें करूं. माझ्या सासूबाई गाडीतून उतरल्यावरच्या पायऱ्यांवरसुद्धा मध्ये बसतात. त्यांनी काय मोबाइलवर दर्शन घ्यायचं? आणि 'बाहेरच्या' म्हणजे कुठल्या हो? पारोडेकरांना आम्ही नावेलीचेही बाहेरचेच.

कुशावतीकाठी
म्हाताऱ्या माणसांना कोण अडवतोय? मी रेंट-अ-कारवाल्यांबद्दल बोलतोय. काळी पाटी, पिवळे आकडे, आणि वळणावर गाडी आडवी लावून फोटो. वाचताना एवढंही कळू नये?

रातचो पाव
काका, संध्याकाळी आम्ही बसायचं कुठे तेही सांगा. मडगावच्या मोंती टेकडीवर गेलो तर 'खंयचे रे तुमी' (कुठले रे तुम्ही), पर्वतावर गेलो तर 'खंयचे रे तुमी'. चिप्सची पाकिटं आम्ही खिशात घालून खाली आणतो, तरी बाटली फुटलेली दिसली की बघतात आमच्याकडेच. काचेचा सज्जा मलाही नको. पण चार बाक आणि एक मुतारी मागितली तर धर्म बुडतो का?

कुशावतीकाठी
मुतारी मान्य. बाकांवरच बाटल्या उघडतात. पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने उघड्यावर पिणाऱ्याला २ हजार रुपये आणि टोळक्याला १० हजार दंड ठेवला होता. दंड लावा आधी.

पायलट म्हापशेचो
तो कायदा पर्यटनस्थळांसाठी आहे, साहेब. म्हणजे दंड लावायचा तर आधी तुमचा डोंगर सरकारने टुरिस्ट स्पॉट म्हणून जाहीर करायला हवा. करू या अर्ज? पहिली सही तुमची.

कुशावतीकाठी
वकिली नको. मुद्दा कळलाय तुम्हाला.

बार्देसचा जुना
तुम्ही काचेवरून भांडत बसा. असल्या 'व्ह्यू'च्या पोस्टी वाचूनच डोंगर विकत घेणारे येतात. आमच्या वाड्यामागे टेकडी होती. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं सामान, कांगलां, घागऱ्यो असली रानफळं-शेंगा, सगळं तिथून यायचं. एका मे महिन्यात जेसीबी आला. पहिल्याच पावसात आमच्या बांयत (विहिरीत) लाल चिखल, पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आता तिथे चार व्हिला आहेत, प्रत्येकाला पोहायचा तलाव. आम्ही टँकर मागवतो आणि ते 'हिल व्ह्यू' बघतात. १९७४ च्या नगर नियोजन कायद्यात डोंगरकापणीला परवानगी लागते असं कलम १७अ आहे. लागते म्हणे.

पायलट म्हापशेचो
१७अ चं काय घेऊन बसलात, त्याच कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आणलं. प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करायच्या नावाखाली डोंगरउतार एकेक करून सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा झोन. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. तोवर २०२४ मध्ये झोन बदलायचं दुसरं कलम, ३९अ, येऊन बसलं होतं.

कुशावतीकाठी
विषय चंद्रनाथाचा होता.

बार्देसचा जुना
हाच विषय आहे! आज कॅफे, उद्या कॅफेला रस्ता, परवा रस्त्याकडेला प्लॉट.

फोंड्यातली शिकवणी
प्लॉट विकले कोणी? दिल्लीवाल्याने रात्री येऊन चोरले? आमच्या वाटणीच्या जमिनीचे पैसे माझ्या दिराने मोजून घेतले, आणि आता ग्रामसभेत माइक हातात धरून 'गोंय वाचवा' म्हणतो. आधी त्याला विचारा. आणि बार्देसचे बाब, तुमचं घर चिऱ्यांचंच असेल ना? चिरे काय आभाळातून पडतात? कुठल्यातरी गावची टेकडी खणूनच येतात ना?

बार्देसचा जुना
बाई, तीन खोल्यांचं घर आणि व्हिला यातला फरक तुम्हाला दिसत नसेल तर शिकवणी बंद करा. आमच्या वडिलांनी चिरे बैलगाडीतून आणले होते.

फोंड्यातली शिकवणी
बैलगाडीने आणले की खण आपोआप भरून येते वाटतं.

रातचो पाव
🍿

बार्देसचा जुना
हसा. तुम्हाला घर बांधायला टेकडी सोडा, वाफाही परवडणार नाही.

रातचो पाव
म्हणूनच बाक मागतोय.

वेळीपांचो
मी केप्यातला. दोन्ही बाजूंना एक सांगतो. पावसात कुशावती भरली की पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो आणि आम्ही वळसा घालून कामावर जातो. त्यावर कोणी एवढं लिहीत नाही. सज्जा हवा, सज्जा नको, दोघांनाही आमच्याकडचं फक्त वरूनच बघायचंय. आणि हो, उन्हाळ्यात वर सिगरेट टाकू नका. २०२३ च्या मार्चात म्हादई अभयारण्य कसं पेटलं होतं ते विसरलात वाटतं.

कुशावतीकाठी
रस्त्याचं बरोबर आहे. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

वेळीपांचो
काढला होता. दोन उत्तरं आली. एक माझंच.

नावेलीची सून
रविवारी सासूबाईंना नेऊ की नको, एवढं कोणी सांगेल का? की आधी १७(२) पाठ करून यायचं?

कुशावतीकाठी
न्या हो. पण तीनच्या आत वर पोचा. नंतर ती पोस्ट वाचून आलेल्यांची इतकी गर्दी होते की गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.

पायलट म्हापशेचो
म्हणजे गाडी वरपर्यंत. नोंद करून ठेवतो.