हेडहंटरचा फोन आला तर काय बोलायचं? (वाळूज, मॅनेजर आणि वरच्या जागा)

वाळूज_प्रेसशॉप
नमस्कार मंडळी. प्रश्न प्रॉडक्शन मॅनेजर, प्लांट हेड अशा जागांबद्दल आहे. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आहे. पुण्या-मुंबईच्या सर्च फर्मचे (कंपन्यांसाठी माणसं शोधणारे, म्हणजे हेडहंटर) फोन यायलेत. दोघं-तिघं एकाच वेळी सीव्ही मागायलेत, पण कंपनीचं नाव कोणी सांगत नाही. सीव्ही सगळ्यांना द्यायचा का? पगार किती खरा सांगायचा?

शेंद्रा_एचआर
सर, फी कंपनी देते, म्हणून कन्सल्टंट (सर्च फर्मचा फोन करणारा) हा कंपनीचा माणूस. तुमच्यासाठी नोकरी शोधणं त्याचं काम नाही. हातातल्या जागेवर तुम्ही बसता का, एवढंच तो बघतो. हे धरून चाललात की त्याचं वागणं कळतं.

कंटिन्जन्सीवर काम असेल तर माणूस जॉइन झाला तरच पैसे. बऱ्याच ठिकाणी दर वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार: ३६ लाखांच्या जागेवर ३ लाख. वरच्या पदांना दर चढतो. एकाच जागेमागे चार-पाच जण धावतात, म्हणून ती घाई. रिटेनरवर काम एकाच फर्मकडे असतं, फी साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा, तीही बहुतेक तीन हप्त्यांत. तिथे नाव लपवायला कारण असतं. कित्येकदा त्या खुर्चीवर अजून कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून पहिल्याच फोनला विचारा: हे मॅन्डेट (जागा भरायचं काम) फक्त तुमच्याकडे आहे का?

सीव्ही सगळ्यांना देऊ नका. दोन कन्सल्टंटकडून एकच सीव्ही एका कंपनीत गेला की फी कोणाची यावरून वाद होतो आणि एचआर सरळ तो सीव्ही बाजूला ठेवतं. आधी पाठवणाऱ्याचा हक्क करारानुसार बहुधा ६ ते १२ महिने टिकतो, त्यामुळे नंतर तुम्ही थेट अर्ज केला तरी अडचण येते. सीव्ही देताना मेलमध्ये एक ओळ टाका: 'मला कंपनीचं नाव सांगून, माझा होकार घेतल्याशिवाय सीव्ही कुठेही पाठवू नये.' आणि वहीत तारीख, कन्सल्टंट, कंपनी, पद लिहून ठेवा.

जालना_रोलिंगमिल
सीव्ही दोन पानांचा पुरे. 'उत्पादन विभागाची संपूर्ण जबाबदारी' या ओळीतून कन्सल्टंटला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: '४०० टनांपर्यंतचे १४ प्रेस, ३ शिफ्ट, २१० माणसं, १८ महिन्यांत ओईई ६१ वरून ७४ टक्के.' (ओईई म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता.) आकडे अर्थात तुमचे टाका, आणि इंटरव्ह्यूत कागदावर मांडून दाखवता येतील तेवढेच टाका.

पगार खराच सांगा. ऑफरच्या वेळी सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतात, तिथे फुगवलेला आकडा उघडा पडतो आणि ऑफर जाते. पण नुसता सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगू नका. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, गेल्या दोन वर्षांत त्यातलं हातात किती पडलं, पीएफ-ग्रॅच्युइटी किती धरली आहे, हे वेगवेगळं सांगा. ३२ लाखांत ५ लाख व्हेरिएबल असेल आणि मिळतात तीनच, तर बोलणी ३० वरून सुरू होतात. आधार, पॅन, बँकेचे तपशील पहिल्या फोनवर कुणालाच नको.

वाळूज_प्रेसशॉप
खूप उपयोग झाला, धन्यवाद. आणि स्वतःहून गाठायचं असेल तर?

शेंद्रा_एचआर
शंभर जणांना मेल मारण्यात अर्थ नाही. ऑटो, फार्मा, स्टील यापैकी तुमच्या धंद्यात काम करणारे पाच-सहा कन्सल्टंट लिंक्डइनवर शोधा, चार ओळींचा मेल टाका: पद, प्रोसेस, पॅकेज, नोटीस पीरियड, कुठे जायची तयारी आहे. उत्तर नाही आलं तर तीनेक महिन्यांनी पुन्हा. एक बारकी गोष्ट: तुमची कंपनीच त्या फर्मची ग्राहक असेल, तर करारामुळे ते तिथली माणसं उचलू शकत नाहीत. कितीही चांगला सीव्ही असला तरी फोन येणार नाही. दुसरी फर्म बघा. हो, आणि वाळूजमध्ये बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचते. ऑफर हातात येईपर्यंत सध्याच्या कंपनीत रेफरन्स चेक करू नका, असं लेखी कळवा.

बिडकीन_प्रोजेक्ट
रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, 'फाइल पुढे सरकवायला', कशाच्याही नावाखाली पैसे मागितले की फोन ठेवा. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर, एथर यांचे प्रकल्प इकडे येणार हे पेपरात आलं, त्यामुळे अशी नावं कोणीही सांगू शकतं. जागा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का बघा, फर्मचा मेल फुकटच्या आयडीवरून आला आहे का तेही बघा.

नोटीसचं आधीच वाचून ठेवा. ९० दिवस असतील तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये बायआउट (नोटीस पूर्ण न करता निघायला भरायची रक्कम) बेसिकवर आहे की ग्रॉसवर, म्हणजे मूळ पगारावर की भत्ते धरून एकूण पगारावर, यात लाखांचा फरक पडतो. नवी कंपनी ती रक्कम भरणार असेल तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायची अट बहुतेक जोडलेली असते.

आणि घरच्यांशी आधी बोला. माणूस साधारण ९० दिवसांत निघून गेला तर कन्सल्टंटला बदली माणूस द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते, म्हणून तो मुलांच्या शाळेपर्यंत सगळं विचारतो. चाकणला जायचंय आणि मुलगी दहावीला आहे, तर तेव्हाच सांगा. एप्रिलमधलं जॉइनिंग मागता येतं. ऑफर घेऊन नंतर मागे फिरलात की ती फर्म पुन्हा फोन करत नाही.